बेटावरचा पाट

पुढ्यात एवढा समुद्र पसरलेला, नजर जाईल तिथवर पाणीच पाणी, आणि दोघा भावांचा जीव अडकलेला कुठं? तर वडगाव रासाईला, भीमेच्या काठावरच्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीत! दगडाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. माणसाला विमानात बसवता येतं, बोटीत बसवता येतं, पण त्याच्या डोक्यातली मोटार काही बंद करता येत नाही.

अंदमानच्या बेटावरची ही त्यांची तिसरी सकाळ. सुदर्शनचा, म्हणजे दगडाबाईंच्या लेकाचा, गावाहून फोन आला होता. गाईंच्या धारा काढायला आणि दोन्ही घरं सांभाळायला तो एकटाच मागं राहिला होता. त्याच्या चुलतभावानं, इंद्रजीतनं, फोन आणून दगडाबाईंच्या हातात दिला.

"आई, काय चाललंय तुमचं तिकडं?" सुदर्शन वैतागला होता. "हितं मोटारीला याड लागलंय. चालू हुतीय, बंद पडतीय, पुन्ना चालू, पुन्ना बंद. मी नदीवर जाऊन बघून आलो, लाईट येवस्थित हाय. स्टार्टर नुसता तापलाय. आसंच चाललं तर मोटार जळायची."

"मग कोन करतंय ह्ये? भूत?"

"भूत कशाला लागतंय? त्या स्टार्टरला दोनच नंबर जोडल्यात. एक आबांचा, एक आप्पांचा. माझा जोडा म्हनून बोंबलून बोंबलून दमलो, दोघांनीबी जोडू दिला न्हाई. मेन स्विच पाडून टाकू का?"

"पाडलास तर दोघं मिळून तुला पाडतील. थांब जरा. मी बघते."

हा मोबाईलवरचा स्टार्टर म्हणजे सोय मोठी. नदीवरच्या खोलीत एक डबी, डबीत सिमकार्ड. आपण कुठूनही फोन लावायचा. आतून एक बाई गोड आवाजात बोलते. एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. रात्री-अपरात्री काट्याकुट्यातून नदीवर जाणं वाचलं. पण मोटार एक, पाइपलाइन एक आणि भाऊ दोन. एक दिवस थोरल्या सोपानरावांची, म्हणजे दगडाबाईंच्या नवऱ्याची पाळी, दुसरा दिवस धाकट्या हौसरावांचा. घरात सोपानरावांना सगळे आबा म्हणतात, हौसरावांना आप्पा. आणि आबा आणि आप्पा एकमेकांशी बोलत नाहीत, ह्याला आता चार वर्षं झाली.

झालं होतं एवढंच, की एका उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा सोपानरावांनी शेवंतीच्या रोपासाठी हौसरावांच्या पाळीचं पाणी न विचारता ओढलं. हौसरावांचा कांदा पिवळा पडला. हौसराव पारावर चारचौघांत म्हणाले, "आमच्या घरातच पानीचोर हाय." झालं! त्या दिवसापासून एका अंगणात राहून शब्द बंद. अगदीच बोलायची वेळ आली तर गाईला सांगायचे. "गाये, सांग त्याला, कॉक फिरवून ठिव म्हनावं." ही डबीसुद्धा दोघांनी मिळून घेतली, पण दुकानदाराशी बोलले दोघं वेगवेगळे. बिचारा दुकानदार मधे बसून इकडचं तिकडं सांगत होता.

आता कुणी विचारील, मग हे दोघं एका सहलीला आले कसे? तर त्याचं डोकं साखरबाईंचं. साखरबाई म्हणजे हौसरावांची बायको, दगडाबाईंची धाकटी जाऊ. इंद्रजीत रांजणगावच्या कंपनीत नोकरीला, बायको समृद्धी आणि दोन वर्षांची लेक राजनंदिनी, म्हणजे नंदू, यांना घेऊन अंदमानला निघाला होता. साखरबाई लेकाला म्हणाल्या, समद्यांनाच घिऊन चल. मग सोपानरावांच्या कानावर घातलं, की आप्पा काय येत न्हाईत, ते मागं राहून पाणी बघणार हायेत. आणि हौसरावांना सांगितलं, आबा मागं राहणार हायेत. दोघंही चमकले. तो मागं राहून एकटाच पाणी ओढणार आणि मी तिकडं समुद्र बघत बसू? छे! मग दोघांनीही एकेकटं जाऊन इंद्रजीतला बजावलं, तो येत असंल तरच मी येनार. अशा रीतीनं दोघं आले. विमानात खिडकीची जागा दोघांनाही पाहिजे होती, म्हणून मधे दोन्ही जावा बसल्या.

दगडाबाईंना ही सहल करमणुकीसाठी नकोच होती. अंगणात विटा पडल्या होत्या. दोन ट्रॉल्या लाल भडक विटा. हौसरावांनी कोंडिबा गवंड्याला सांगून ठेवलं होतं, सहलीहून आलो की सोमवारी काम धरायचं, अंगणाच्या मधोमध भिंत घालायची, डोक्याच्या वर. सोपानराव ह्यावर एक अक्षर बोलले नाहीत, फक्त आपली बाज उचलून लांब नेली.

आणि दगडाबाईंना झोप येईनाशी झाली. साखरबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. दगडाबाईंनी शिकवली. दगडाबाईंना टायफॉइड झाला तेव्हा सुदर्शनला साखरबाईंनी आपल्या अंगावर पाजला. दोघींनी एका पाट्यावर वाटण वाटलं, एका बांधावर बसून शेवंती तोडली, नवऱ्यांच्या नावानं एकत्र बोटं मोडली. पुरुष चार वर्षं बोलले नाहीत, पण त्या चार वर्षांत कालवणाची वाटी एक दिवस अंगण ओलांडायची थांबली नाही. आणि ती नंदू, सकाळी उठली की उघड्या ढुंगणानं अंगण ओलांडून यायची, "मोथी आजी, बाकली," म्हणून भाकरीचा काला खायला. भिंत झाली की नंदू भिंतीपलीकडं. साखरबाई भिंतीपलीकडं. दगडाबाईंनी एकदा खरं बोलून टाकलं होतं, "नवऱ्यावाचून एकवेळ दिवस काढीन बाई, पर साखरेवाचून न्हाई निघायचे."

तर ही सहल म्हणजे शेवटचा डाव होता. इथं बोलले तर बोलले.

आणि इथं येऊन ते मोटारीवरनं भांडत होते, तेही न बोलता.

बेटावर त्यांच्या हॉटेलात रेंज दोनच ठिकाणी यायची. एक स्वयंपाकघराच्या मागं आणि दुसरी फाटकापाशी. दगडाबाई आधी स्वयंपाकघराच्या मागं गेल्या. तिथं सोपानराव एका पालथ्या क्रेटवर उभे राहून फोन आभाळाकडं धरून होते. टोपी घामानं भिजली होती. फोनमधली बाई गोड आवाजात सांगत होती, मोटार चालू झाली आहे.

"अवो, खाली उतरा."

सोपानराव दचकले. "काय झालं?"

"उंटावरनं शेळ्या हाकताय व्हय? किती येळा मोटार चालू केली सकाळपासनं?"

"माझी पाळी हाय आज. मी चालू करतोय, ती बंद हुतीय. मग पुन्ना करतोय. लाईटीत फॉल्ट आसंल."

"फॉल्ट फाटकापाशी हुबा हाय, तुमच्यावानीच टोपी घालून."

सोपानरावांनी मान वळवली. लांब, फाटकापाशी, हौसराव नारळाच्या खोडाला टेकून फोनवर बोट दाबत होते. तेवढ्यात सोपानरावांचा फोन पुन्हा वाजला. मोटार बंद झाली आहे.

"आस्सं! माझी शेवंती वाळवतोय, व्हय रं!" सोपानरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सांग जा त्याला, आजची पाळी माझी हाय म्हनावं!"

"मी गाय न्हाई," दगडाबाई म्हणाल्या. "तुमचं तुमी सांगा. फोन द्या हिकडं."

"फोन कशाला?"

"मोटार जळली तर दोघंबी बसाल बोंबलत. द्या म्हनते ना!"

दगडाबाईंचा आवाज असा चढला की स्वयंपाकघरातला आचारी खिडकीतून डोकावला. सोपानरावांनी मुकाट फोन दिला. तिकडं साखरबाईंनी फाटकापाशी काय सांगितलं कोण जाणे, पण त्या पदराखाली हौसरावांचा फोन घेऊन आल्या. चेहरा लाल, पण डोळ्यांत हसू.

"काय म्हनत्यात?" दगडाबाईंनी विचारलं.

"काल त्यांच्या पाळीला अर्धा दिस लाईट नव्हती. म्हनून आजचा अर्धा दिस त्यांचा, आसं त्यांचं म्हननं. मी म्हनलं, मग जाऊन सांगा की भावाला. तर म्हनले, मी का सांगू, त्याला अक्कल पायजे."

"अगदी! तुझं माझं जमंना आन् तुझ्यावाचून करमंना." दगडाबाईंनी दोन्ही फोन लाडवांच्या कापडी पिशवीत टाकले आणि पिशवीच्या बंदाला गाठ मारली. "आता बसा म्हनावं रिकाम्या हातानं."

रिकाम्या हाताचा शेतकरी काय करणार? सगळे समुद्राच्या कडेला चादर अंथरून बसले, लाडवांची पिशवीही बरोबर.

तिथं निराळंच रडगाणं. नंदू समुद्राला घाबरत होती. समृद्धीनं शिरूरहून तिच्यासाठी फुगवायची बदकाची ट्यूब आणली होती, फुलाफुलांचे कपडे आणले होते, आणि पोरगी दोन दिवस पाण्याकडं पाठ करून साखरबाईंच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. लाट फुटली की किंकाळी. वाळूत पाय ठेवायलाही तयार नाही. इंद्रजीतनं तिला उचलून पाण्यापर्यंत नेली की ती त्याच्या मानेला अशी मिठी मारायची, की त्याचाच श्वास कोंडायचा.

"इतक्या लांब आलो ते हिच्यासाठी," समृद्धी रडकुंडीला आली होती. "हिला समुद्र दाखवायचा होता मला. मी स्वतः पहिल्यांदा बघतेय. आणि ही डोळेच उघडत नाही."

"समृद्धे, जबरदस्ती नको करू," साखरबाई म्हणाल्या.

"जबरदस्ती कोण करतंय आई? मी एक शब्द बोलले की सगळ्यांना जबरदस्ती वाटते."

झालं, सासू-सुनेचं आता बिनसतंय असं दिसलं. दगडाबाई मधे पडणार तेवढ्यात सोपानराव उठले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. नारळवाल्याच्या ढिगातून एक करवंटी उचलली.

"पोरीला पान्याकडं न्यायचं कशाला?" ते म्हणाले. "पानीच पोरीकडं आनू."

आणि ते वाळूत बसून पाट खणायला लागले.

पाण्याच्या काठापासून नंदू बसली होती तिथपर्यंत अंतर चांगलं पंचवीस पावलांचं. सोपानरावांनी सरळ रेघ ओढली आणि करवंटीनं वाळू उपसायला सुरुवात केली. हात सवयीचा. थोड्या वेळात पाट दिसायला लागला, दोन्ही कडांना वाळूचे बांध, मधे ओल. एक लाट आली, पाटात शिरली, चार हात आत आली आणि मागं गेली. दुसरी आली, तीही मागं. सोपानरावांनी बांध उंच केले. लाट आली, गेली. ते जोरात खणायला लागले, टोपी काढून खिशात घातली.

नंदूनं साखरबाईंच्या मांडीतून एक डोळा उघडला.

हौसराव एका आडव्या पडलेल्या झाडावर पाठ करून बसले होते. पाठ होती खरी, पण मान हळूहळू वळत होती. दगडाबाई कडेनं बघत होत्या. हौसरावांचं एक आहे, गावात कुणाचीही जमीन असो, कुठं चढ, कुठं उतार, हे त्यांना नुसतं बघून कळतं. लेव्हल काढायला लोक त्यांना बोलावून नेतात. आणि डोळ्यांपुढं कुणी चढाला पाट काढतोय म्हटल्यावर त्यांच्या अंगाची आग व्हायची राहील का?

"नंदे," हौसराव शेवटी मोठ्यानं म्हणाले, "सांग तुझ्या आबाला. तिकडं चढ हाय."

"नंदे," सोपानराव मान वर न करता म्हणाले, "सांग त्याला. मला उतार कळतो."

"काय डोंबल कळतो!"

"नंदे, सांग त्याला, आयुष्य गेलं माझं पानी धरन्यात!"

"आन् आयुष्यभर चढालाच धरलं म्हनावं! उजव्या अंगानं घी म्हनावं, झाडाच्या बुंध्याकडनं. तिथं खोलगट हाय."

दोघांच्या मधे ती पोर, कधी इकडं बघते, कधी तिकडं बघते. समृद्धीच्या तोंडून हसू फुटलं, ते तिनं ओढणीनं दाबलं. दगडाबाईंनी साखरबाईंचा हात दाबला. "बघू नगंस. अजिबात बघू नगंस त्यांच्याकडं."

दोघी समुद्राकडं बघत बसल्या.

सोपानराव थांबले. उजवीकडं बघितलं. डोकं खाजवलं. मग कुणाला काही न सांगता पाट उजव्या अंगानं वळवायला लागले. हौसराव झाडावरून उतरले. जवळ आले. दोन हात अंतरावर उभे राहिले. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी, करवंटीबिरवंटी काही न घेता, झाडाच्या बाजूनं खालचा पाट ओढायला लागले. एक इकडून खणत होता, एक तिकडून, मधे शब्द नाही. इंद्रजीत मोबाईल काढून फोटो घ्यायला गेला, तर दगडाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तो परत खिशात घातला.

दोन्ही पाट एकत्र मिळाले. आता लाट आली ती मागं गेलीच नाही. झाडाच्या खोलगटात साचली आणि तिथून सावकाश नंदूच्या दिशेनं निघाली. हौसरावांनी नंदूच्या पायांपुढं वाळूचा चौकोनी वाफा केला, वांग्याला करतात तसा, आणि त्याचं तोंड वाळूनं बंद केलं. त्या तोंडाला त्यांच्याकडं दारं म्हणतात. दारं धरलं की पाणी थांबतं, मोडलं की आत येतं.

"खारं पानी हाय," हौसराव नंदूला म्हणाले. "काय उगवनार ह्याच्यावर?"

"नात उगवंल," सोपानराव तिकडून म्हणाले.

आणि तेवढ्यात मोठी लाट आली.

आता ही माणसं नदीकाठची. नदीचं पाणी वाढतं ते धरणातून सोडल्यावर, आणि त्याआधी गावात दवंडी येते, भोंगा वाजतो. पाणी आपलं आपण, कुणी न सोडता, दिवसातून दोनदा चढतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. ती भरती होती. पाट फुगला. वरच्या अंगाचा बांध ढासळला.

"दादा, बांध फुटला!" हौसराव ओरडले. "वाळू वढ! वाळू वढ तिकडनं!"

दादा. चार वर्षांत पहिल्यांदा.

"तू खालचं दारं धर हौसा! वरचं मी बघतो!"

"एकट्याला निघायचं न्हाई, हात दे!"

"आरं पोरीच्या वाफ्यात येतंय, सगळं येतंय!"

"यिऊ दे की मग! आनायचंच हाय न्हवं! मोडू का दारं?"

"मोड!"

दोन म्हातारे गुडघ्यांवर, वाळूनं माखलेले, एकमेकांच्या अंगावर पडत, ढकलत, हसत होते. हौसरावांनी वाफ्याचं दारं मोडलं. पाणी आत आलं, सावकाश, फेस घेऊन, नंदूच्या अंगठ्यापर्यंत. नंदूनं पाय आखडला. पाण्याकडं बघितलं. पाणी शांत होतं, तिच्याच मापाचं. तिनं अंगठा पुढं केला. मग पाय. मग दोन्ही पाय आपटले आणि सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडवून ती ओरडली, "पानी आलं! आबा, पानी आलं! आप्पा, पानी!"

समृद्धी रडायलाच लागली. इंद्रजीतही नाक पुसत होता. पाणी वाफ्यातून उतू जाऊन अंथरलेल्या चादरीकडं निघालं, चादरीची कड ओली झाली, साखरबाई उठायला लागल्या, तर दगडाबाईंनी त्यांचं मनगट गच्च धरलं.

"बस खाली. हालू नगंस."

"आवो आक्का..."

"ते बोलत्यात. बस म्हनते ना."

साखरबाई बसल्या. समोर हौसराव सोपानरावांना सांगत होते, "तरी मी म्हनत हुतो, उजव्या अंगानं घी." आणि सोपानराव म्हणत होते, "म्हनत हुतास, पर नंदीला. मला कुठं म्हनलास?" हौसराव हातावरची वाळू झाडत राहिले.

"दादा, पारावर मी तसं बोलाया नको हुतं."

"न्हाई रं," सोपानराव म्हणाले. "मी इचारून घ्याया पायजे हुतं. इचारलं आसतं तर तू न्हाई म्हनला नसतास. तेच तर खातंय मला."

दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना एकाच वेळी रडू आणि हसू येत होतं, आणि साखरबाईंचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

मग सोपानरावांना आठवलं. आठवणारच!

"फोन दी गं जरा. मोटार बघायची हाय."

चादरीच्या कडेला पिशवी होती. होती म्हणजे, पाण्यात बसली होती. इंद्रजीतनं उचलली तर खालून धार लागली. लाडवांचा लगदा झाला होता. त्या लगद्यातून एकेक फोन निघाला, समुद्राचं पाणी ठिबकत. सोपानरावांनी आपला दाबला. काळा. हौसरावांनी आपला झटकला. काळा.

दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं.

"मोटार चालू हाय का बंद?" सोपानरावांनी विचारलं.

"मी शेवटी दोन दाबलं हुतं. बंद."

"पर त्याच्यामागनं मी एक दाबलं."

"कवा? माझा फोन तर हिनं घेतला हुता."

"माझाबी हिनं घेतला हुता... त्याच्या आदी का मागनं?"

दोघांनाही सांगता येईना. हौसरावांना आधी हसू आलं, मग सोपानरावांना. हसता हसता सोपानराव वाळूत बसलेच.

"बाबांनो, हसताय काय?" इंद्रजीत म्हणाला. "चालू राहिली असेल तर?"

सगळी वरात स्वयंपाकघराच्या मागं निघाली. सोपानराव, हौसराव, कडेवर ओली नंदू घेऊन समृद्धी, मागं दोन्ही जावा. इंद्रजीतनं सुदर्शनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोन्ही म्हातारे क्रेटवर शेजारी शेजारी बसले.

"सुदर्शना, मोटार चालू हाय का बंद?" सोपानराव म्हणाले.

"बंद हाय आबा. मघाधरनं हूं का चूं न्हाई. काय झालं, दोघांनी दमानं घेतलं का काय?"

"नदीवर जा आन् हातानं चालू कर. कॉक कांद्याकडं फिरव आदी."

"कांदा तर आप्पांचा हाय."

"ठावं हाय मला. काल त्याची अर्धी पाळी लाईटीनं खाल्ली. आदी कांदा भिजव."

"काय नगं," हौसराव मधेच म्हणाले. "शेवंतीकडंच ऱ्हाऊ दी. फुलं तोडनीला आलीत, एक दिस वढ बसली तर माना टाकतील. कांदा दम काढील."

"आरं कांदा कवाचा तहानलाय."

"मी सांगतो न्हवं दादा, शेवंतीला दी!"

"कुनीतरी एक काय ते सांगा!" सुदर्शन ओरडला. मग एकदम थांबला. "आप्पा... तुमी आबांशी बोलताय?"

हौसरावांच्या आधी नंदूनं फोनकडं हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "काका, पानी आलं!"

"अर्धा अर्धा दिस दी," हौसराव म्हणाले. "आन् ऐक. आमी आलो की त्या डबीला तुझा नंबर जोडायचा. आमचे दोन्ही फोन गेले समुद्रात. तसंबी आता तूच बघ ते."

सोपानरावांनी मान डोलावली. दगडाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना अंगणातल्या भिंतीचं विचारायचं होतं, धीर होत नव्हता. विचारलं आणि हौसराव म्हणाले, तो इषय निराळा, तर? म्हणून त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आन् आजून एक," हौसराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. "अंगनात विटा हायेत."

"हायेत की. सकाळीच पायात आली एक, अंगठा फुटला माझा."

"त्या ट्रॅक्टरात घाल आन् नदीवर ने. मोटारीच्या खोलीची मागली भिंत पडाया आलीय. कोंडिबाला म्हनावं, सोमवारी तिकडं ये. अंगनात काय काम न्हाई."

सोपानरावांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग म्हणाले, "खोलीला खिडकी ठिवायची का रं?"

"ठिवू की. नदीच्या अंगानं."

दोघं खिडकीची उंची ठरवायला लागले, आणि त्यावरून त्यांचं लगेच वाजलंही. पण आता ते एकमेकांशी वाजत होतं.

बेटावर दिवस लवकर मावळतो. ऊन उतरल्यावर दोन्ही जावा मागच्या नळावर पिशवी धूत बसल्या. समुद्राकडून नंदूच्या ओरडण्याचा आवाज येत होता, तिला आता आत यायचंच नव्हतं. दोन्ही आजोबा तिच्यासाठी दुसरा वाफा करत होते. पहिला भरतीनं नेला होता.

साखरबाईंनी पिशवी पिळली. लाडवाचा चिकटा काही निघेना. दगडाबाई पाणी घालत होत्या.

"साखरे," दगडाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुनाला सांगू नगंस. पानी पिशवीकडं चाललं हुतं, मला दिसत हुतं."

साखरबाईंनी पिशवी उलटी केली, झटकली, दोरीवर टाकली. मग पदरानं हात पुसत जावेकडं न बघताच म्हणाल्या,

"आक्का, पिशवी सावलीला हुती. पान्याच्या वाटंवर मीच आनून ठिवली हुती."